उकंडाजींचा तळातला हात

"पकडला! पकडला रे चोर! या सारे, पाहून घ्या! डॉक्टर झूट, नळी झूट, अन् हा कंपोंडर तं जलमाचा झूट!"

दवाखान्याच्या ओट्यावर उभे राहून उकंडाजी ओरडत होते. त्यांच्या हातात काचेची नळी होती आणि नळीत विटेच्या रंगाचं गढूळ पाणी. आवाज म्हणाल तर, ते कारंज्यात ओरडले आणि तिकडे पोहरादेवीच्या यात्रेत एका माणसाने मागे वळून "काय बे?" म्हटलं, असा. मी खोटं कशाला सांगू? त्या माणसाला मी नंतर भेटलोही आहे.

रस्त्यावरच्या कापसाच्या गाड्या थांबल्या. गाडीवाले खाली उतरले. मी नळी हिसकायला धावलो, कारण आमच्याकडे तडा न गेलेली तेवढी एकच नळी होती.

"उकंडाजी, नळी द्या इकडे."

"काहून देऊ? पुरावा हाये हा!"

त्या पुराव्यात लघवी उकळलेली आहे हे जमलेल्यांपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. एक जण तर भक्तिभावाने वास घ्यायला पुढे आला.

हा चोर कसा पकडला गेला, आणि पकडणाराच त्यात कसा सापडला, ते सांगतोच. पण त्याआधी उकंडाजी सांगायला पाहिजेत. तो माणूस कळल्याशिवाय ही गोष्ट कोणी खरी मानणार नाही. कळल्यावरही मानतील याची मला खात्री नाही.

साल पन्नासच्या पुढचं, दोन-चार इकडेतिकडे धरा. मी कारंज्याला एका डॉक्टरांकडे कंपोंडर होतो. पुड्या बांधायच्या, मिश्रण ढवळायचं, सुया उकळायच्या आणि मंगळवारी साखरेच्या रोग्यांची लघवी तपासायची, ही माझी कामं. उकंडाजी कापसाच्या बाजारात एका शेठचे पारखी. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत बाजारात गाड्यांची रांग लागे. शेठने भाव बोलायच्या आधी उकंडाजी गाडीपाशी जात, कापसात हात खुपसत, कोपर जाई, दंड जाई, शेवटी गाल कापसाला टेके. मग डोळे मिटून तळाशी चाचपडत आणि मूठभर कापूस ओढून काढत. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये चोळत, धागा ताणत, वास घेत. गाडीवाला वरच्या पांढऱ्याशुभ्र बोंडांकडे बोट दाखवायला लागला की म्हणत, "वरचं नोको दाखवू बाप्पा. वरचं कोनीबी दाखवते. तळात काय हाये थे सांग."

या कामापायी त्यांच्या एकाही सदऱ्याला उजवी बाही नव्हती. शिंप्याला सांगूनच तसे शिवून घेत, आणि शिंपी वाचलेल्या कापडाचं काय करतो हे पाहायला त्याच्या दुकानासमोर बसून राहत. डावा हात बाहीत, उजवा उघडा, दंडाच्या केसांत कापूस अडकलेला. लांबून पाहिलं तर वाटे, एका हाताने म्हातारा झालेला माणूस येतोय.

त्या हाताने काय काय बाहेर काढलं म्हणून सांगू! ओला कापूस, सरकीची पोती, दगड तर रोजचेच. एकदा एका गाडीच्या तळातून त्यांनी अख्खं जातं ओढून काढलं. जात्यामागोमाग दळणारी म्हातारीही निघाली असं बाजारात सांगतात, पण ती मी पाहिली नाही. जातं पाहिलं.

संशय त्यांच्या नावातच होता. त्यांच्या आधीची भावंडं जगली नव्हती. म्हणून हे जन्मल्याबरोबर आईबापांनी यांना उकिरड्यावर ठेवलं, तिथून उचलून आणलं आणि नाव ठेवलं उकंडा. हेतू हा की मरणाला वाटावं, हा काही यांचा लाडका नाही, टाकलेलं पोर आहे, कशाला न्या. म्हणजे जन्माच्या पहिल्या दिवशीच ज्याच्या नावाने मरणाला फसवलं, त्या माणसाने पुढे साठ वर्षं सगळं जग आपल्याला फसवतंय असं मानलं, तर त्यात नवल काय?

घरात ते आणि बायको देवकाबाई. मूलबाळ नाही. देवकाबाई ठेंगणी, गोल, कामाला वाघीण आणि बोलायला कंजूष. नवरा तासभर बोलला की ती एक वाक्य बोले, आणि त्या वाक्यावर नवऱ्याचा तास संपे.

उकंडाजी दवाखान्यात पहिल्यांदा आले ते धोतराच्या सोग्यात मूठभर माती बांधून. ती टेबलावर ओतून म्हणाले, "डॉक्टर, याच्यात कोन काय टाकून राह्यलं, थे पाहा."

झालं होतं असं की जिनिंगच्या कारखान्यामागे बाभळीखाली ते रोज लघवीला बसत आणि त्या जागेवर मुंग्या लागत. थोड्या नव्हेत, मुंग्यांची रांग पार शेजारच्या धनज गावाच्या वाटेला लागली होती. उकंडाजींना वाटलं, आपल्यावर कोणी करणी करतोय, आपण उठलो की येऊन साखर टाकतो. तीन दिवस ते बाभळीआड दबा धरून बसले. कोणी आलं नाही. मुंग्या मात्र आल्या.

आमचे डॉक्टर अमरावतीचे. वयाने तरुण, बोलणं मोजकं. हसले नाहीत. म्हणाले, "माती राहू द्या. बाटलीत लघवी आणून द्या."

आता ती तपासणी म्हणजे अशी. नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर माणूस मोकळा. हिरवं, पिवळं, नारिंगी झालं तर साखर चढत चाललेली. विटकरी झालं तर विचारूच नका. उकंडाजींचं पाणी दिवा लावायच्या आधीच लाल व्हायला लागलं होतं, असं मी पुष्कळांना सांगितलं आहे. खरं म्हणजे उकळल्यावर झालं. पण झालं ते पक्क्या विटेसारखं.

"निळ्यात तूच लाल टाकलं असन," ते मला म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांना समोर बसवलं. "उकंडाजी, तुम्हाला मधुमेह आहे. मला साखरेची नाही तेवढी काळजी तुमच्या काळजाची आहे."

"काळीज मस्त हाये. बैलासारखं."

"आज आहे. ही साखर रक्ताच्या नळ्या आतून खराब करते. काळजाच्याही. आणि एक लक्षात ठेवा. बाकीच्यांच्या काळजाला धक्का बसला तर छातीत दुखतं, माणूस ओरडतो. साखर असलेल्याला कधी कधी दुखतच नाही. नुसता घाम येतो, धाप लागते, मळमळतं. माणूस म्हणतो पित्त झालं, आणि कामाला लागतो."

उकंडाजींनी अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळलं, जणू डॉक्टरांचं वाक्य त्यात धरलं होतं. मग वळून मला म्हणाले, "दुखत नाई अन् रोग हाये? असा रोग कोनीबी कोनाले सांगू शकते. मी तुले सांगू का, तुले हाये मनून?"

मला खरंच त्या दिवशी दुपारभर मळमळत होतं.

डॉक्टरांनी पथ्य सांगितलं. गूळ-साखर बंद, तूप-तेल आटोक्यात, बिडी कायमची बंद, रोज दोन मैल चालायचं, वजन उतरवायचं, दर मंगळवारी लघवी दाखवायची आणि दंडाला पट्टा बांधून रक्ताचा दाब बघून घ्यायचा. उकंडाजींनी प्रत्येक कलमात तळापर्यंत हात घातला. चालायला सांगतो म्हणजे याचं चपलावाल्याशी ठरलंय. तूप बंद म्हणजे तूप स्वस्त होऊन कोणाच्या तरी घरी जाणार. दंडाला पट्टा बांधतो तो उजव्या दंडालाच का, डाव्याला का नाही? डॉक्टरांनी डाव्याला बांधला. मग म्हणाले, "आता डाव्याले काहून?"

वजन ते बाजारातल्या कापसाच्या मोठ्या काट्यावर करत. एका पारड्यात लोखंडी मापं, दुसऱ्यात उकंडाजी मांडी घालून, आणि भोवती हमाल. एकदा वजन उतरलेलं निघालं तर आनंद होण्याऐवजी ते मापं तपासायला उठले. ते उठताच मापांचं पारडं दणकन खाली आलं. एक हमाल पाय काढता काढता वाचला.

पण चालायचं त्यांनी धरलं. धनजच्या रस्त्याने रोज सकाळी. डॉक्टर खरं बोलतो का, हे पाहण्यापुरतंच, असं सांगत. गूळही सोडला. घरी आलेलं गोडधोड, शेजारच्या लग्नातले लाडू, अडत्याकडची बर्फी, सगळं देवकाबाईच्या ताटात जाऊ लागलं. "वाया कायले घालायचं?" ती म्हणे आणि खाई. बिडी मात्र त्यांनी सोडली नव्हती, फक्त आमच्यासमोर ओढत नसत. डॉक्टरांना त्यांचा संशय होता, त्यांना डॉक्टरांचा, आणि मधे मी, दोघांचा संशयित.

मंगळवारमागून मंगळवार जात होते. पाणी कधी नारिंगी होई, कधी पिवळ्यावर येई. पिवळं झालं की उकंडाजी जास्तच अस्वस्थ होत. गाडी चांगली निघाली की पारख्याला झोप येत नाही.

आणि मग त्यांनी ती युक्ती केली.

कापसाच्या बाजारात नवा पारखी ठेवला की शेठलोक त्याची एक परीक्षा घेत. स्वतःच्या वखारीतला, स्वतः पारखलेला उत्तम कापूस गुपचूप परक्या गाडीत भरून ती गाडी नव्या पारख्यापुढे उभी करत. त्याने खराब म्हटलं की समजायचं, हा कोणाकडून तरी पैसे खातो, नाहीतर याला काही कळत नाही. उकंडाजी जवानीत या परीक्षेला उतरले होते आणि त्यांनी ती गाडी कोणत्या वखारीची हेसुद्धा सांगितलं होतं. तीच परीक्षा त्यांनी डॉक्टरची घ्यायची ठरवली. माल खात्रीचा पाहिजे होता. जन्मात ज्या माणसाने गोळी खाल्ली नाही, जो कधी आजारी पडला नाही, असा त्यांच्या माहितीत एकच माणूस होता. त्या मंगळवारी त्यांनी बाटली आणली. मी नेहमीसारखे आठ थेंब टाकले, उकळलं, आणि ते झालं विटकरी, पार पहिल्या दिवसासारखं.

"उकंडाजी," डॉक्टर म्हणाले, "साखर पुन्हा वाढली. काय खाल्लं?"

आणि उकंडाजी नळी घेऊन ओट्यावर पळाले. पुढचं तुम्ही ऐकलंच आहे.

डॉक्टर हात पुसत बाहेर आले. गर्दीकडे पाहिलं नाही. "पुरावा कसला, उकंडाजी?"

"हे माह्यं नाईच!" उकंडाजींनी नळी उंच धरली. "समजलं? माह्यं नाईच हे! दुसऱ्याचं हाये! चांगल्या, ठणठणीत माणसाचं! अन् तुमी म्हनता साखर!"

गर्दीतून "वाह!" आली. मीही मनात म्हटलं, गेली नोकरी.

डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "कोणाचं आहे?"

"देवकाचं! माह्या बायकोचं! जिले जलमात सर्दी नाई झाली!"

डॉक्टरांनी उकंडाजींच्या हातातून नळी घेतली, मला दिली आणि म्हणाले, "त्यांना घेऊन या. आत्ता."

उकंडाजींचा हात तसाच वर राहिला, नळी नसलेला. गर्दी हळूहळू गाड्यांकडे गेली. मी असंख्य माणसं पडताना पाहिली आहेत, झाडावरून, बैलावरून, एक तर देवळाच्या कळसावरून. पण ओट्यावर उभ्याउभ्या पडलेला माणूस तेवढा एकच.

देवकाबाई आली. डॉक्टरांच्या सांगण्यावरून बाटली आमच्याच मागच्या अंगणात भरलेली, मी दाराशी पहाऱ्याला. पुन्हा विटकरी. "हे लाडूंमुळं झालं का?" उकंडाजींनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "एकट्या लाडूंनी होत नाही. आधीपासून असणार. लाडूंनी मदत केली." देवकाबाई लुगड्याचा काठ चाचपत बसली होती. "तहान लय लागते," म्हणाली. "मले वाटलं उन्हाळा हाये." तेव्हा पौष चालू होता.

त्या दिवसापासून दवाखान्यात नियम झाला. बाटली घरून आणायची नाही. मीही बिघडलो. जो येई त्याची बाटली हातात घेताना मला वाटे, ही कोणाची? एकदा एका भल्या मास्तरांना मी तीनदा विचारलं.

उकंडाजींचा सगळा संशय आता घरी वळला. डॉक्टरांवर, माझ्यावर, चपलावाल्यावर जो वाटून जात होता, तो एकट्या देवकाबाईच्या वाट्याला आला. ती पाणी शेंदायला गेली की हे विहिरीपाशी. ती चुलीपाशी बसली की हे दारात. तिचा श्वास मोजत. डब्यात हात घालून गूळ शोधत, तळापर्यंत. सकाळी दोन मैल तिलाही चालवत, आणि तिच्या दहा पावलं मागे राहत.

"मांगून काहून येता?" तिने विचारलं.

"गाडी मांगून पाहाव लागते. कोन्या चाकात खोट हाये थे दिसते."

"मी गाडी हाव का?"

त्या वाक्यावर दोन दिवस गेले.

पुढच्या हंगामातली गोष्ट. थंडी अशी की दवाखान्यातलं मिश्रण बाटलीत गोठून उभं राहिलं होतं. सकाळी उकंडाजी देवकाबाईला हाताला धरून घेऊन आले. डॉक्टर धनजला गेले होते, दुपारच्या एस.टी.ने यायचे.

"विहिरीपाशी खाली बसली," ते म्हणाले. "आंगाले घाम आला पाह्य."

देवकाबाईच्या कपाळावर खरंच घाम होता. चेहरा मातकट झाला होता. मी कंपोंडरी रुबाबात विचारलं, "छातीत दुखतं का?"

"नाई, भाऊ. पित्त झालं. जरा मळमळते."

"हातात? पाठीत?"

"काईच नाई दुखत."

"मग काही नाही," मी म्हणालो. हे वाक्य मी बोललो, हे आज लिहूनही ठेवतो. मी सोड्याची पुडी बांधली, तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "घरी जाऊन कोमट पाण्यात घ्या. डॉक्टर आले की मी विचारतो."

देवकाबाई उठायला लागली. "चाला. कापड धुवाचे हायेत."

"बस!" उकंडाजी इतक्या जोरात ओरडले की माझ्या हातातला चमचा पडला. मग माझ्याजवळ आले. अंगठा आणि बोट चोळत होते. "काय म्हनला तू? दुखत नाई?"

"नाही दुखत. विचारलं ना तुमच्यासमोर."

"मंग तं पक्कं हाये."

"काय पक्कं?"

"डॉक्टर म्हनला होता. साखरवाल्याले दुखत नाई. घाम येते, मळमळते, मानूस म्हनते पित्त झालं अन् कामाले लागते." शब्दाला शब्द. डॉक्टरांच्या ज्या शंभर गोष्टींवर त्यांनी विश्वास ठेवला नव्हता, त्यातली ही एक त्यांनी कुठेतरी दाबून ठेवली होती, आणि ती बरोबर तळातून ओढून काढली. "तुह्या पुडीवर माहा भरोसा नाई, कंपोंडर. हिले मी अथून हालू देत नाई."

त्यांनी माझी पुडी खिडकीबाहेर फेकली. देवकाबाईला बाकावर आडवं केलं. उशाला स्वतःचा दुपट्टा गुंडाळून, अंगावर माझी शाल, मला न विचारता. दुपारपर्यंत ते बाकाला टेकून जमिनीवर बसून राहिले, उघडा उजवा हात तिच्या मनगटावर. ती म्हणे, "पानी प्यायले उठते." हे पाणी आणून देत. ती म्हणे, "माशी बसली." हे माशी हाकलत. एकदा ती म्हणाली, "आता बरं वाटते, जाऊ घरी." तर म्हणाले, "बरं वाटते हे कोन सांगून राह्यलं? वरचं नोको सांगू."

मी मनात हसत होतो. हसता हसता मधेच मलाही भीती वाटायला लागली. उन्हं डोक्यावर आली तरी तिचा घाम थांबेना, तेव्हा मी हसणं सोडलं.

डॉक्टर आले. नाडी पाहिली, दाब पाहिला, छातीवर नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग उकंडाजींना बाहेर घेऊन गेले. मीही कान लावला.

"काळजाला धक्का बसला आहे. सकाळपासून त्या इथेच झोपून आहेत?"

"हाव."

"उठल्या नाहीत?"

"म्या उठू नाई देली."

"फार चांगलं केलंत. घरी जाऊन पाणी शेंदलं असतं, धुणं धुतलं असतं, तर मी पोचेपर्यंत..." मग डॉक्टरांनी विचारलं, "घरी पाठवत कोण होतं?"

उकंडाजींनी माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मला जमिनीने पोटात घेतलं असतं तर मी तिचे उपकार मानले असते. पण ते म्हणाले, "कोनी नाई. तिलेच घाई होती."

दुसऱ्याला वाचवायला हा माणूस आयुष्यात एकदाच खोटं बोलला असेल. कोणासाठी, ते मी पाहिलं आहे.

देवकाबाई सहा आठवडे खाटेवरून उठली नाही. उकंडाजींनी पाणी भरलं, भाकरी थापल्या, आणि त्या भाकरीने बाजारातला एक कुत्रा पळवून लावला, असं म्हणतात. बिडीही त्याच दिवशी सुटली. मी विचारलं तर म्हणाले, "बिडीवाला तंबाखूत पाला मिसळून राह्यला. म्या पकडला." मी ते खरं मानल्यासारखं केलं.

यानंतर दीड-दोन वर्षं गेली असतील. एका मंगळवारी, ऐन गर्दीत, उकंडाजी एकटेच चालत आले. रांगेत उभे राहिले. ही पहिली विचित्र गोष्ट. ते कधीच रांगेत उभे राहत नसत, रांगेतल्यांवर त्यांचा संशय असे. नंबर आला तेव्हा डॉक्टरांसमोर बसून म्हणाले,

"डॉक्टर, मले काई दुखून नाई राह्यलं."

"मग?"

"मनून आलो."

मी हसलो. डॉक्टर हसले नाहीत. डॉक्टर तपासायला उठले तेव्हा मला उकंडाजींचा सदरा दिसला. डावी बाही घामाने भिजून दंडाला चिकटली होती. उजव्या उघड्या हातावर घामाचे थेंब होते, आणि त्यात कापसाचे तंतू चिकटले होते.

त्यांना त्याच बाकावर झोपवलं. देवकाबाई आली. बाकापाशी जमिनीवर बसली, नवरा बसला होता तिथेच, तशीच. त्यांचा हात हातात घेतला. "कंपोंडरच्या पुडीवर भरोसा नोको ठेवू," ते तिला म्हणाले. मी पुडी बांधलीच नव्हती.

ते वाचले. पुढे नागपूरला नेऊन यंत्रावर त्यांच्या काळजाचा कागद काढून आणला. लांबलचक पट्टी, वर नागमोडी रेघ. आम्हाला दाखवताना उकंडाजींनी ती अंगठा आणि बोटात चोळून पाहिली. पट्टीच्या टोकाला शाईचा ठसा होता.

"हे काय?" मी विचारलं.

"माहा अंगठा. मशीन चालू असतानाच लावला. दुसऱ्याचं काळीज माह्या नावावर नाई चढवू देत मी." मग आवाज खाली आणून म्हणाले, "असे लोक असतेत ना, बाटल्या बदलवनारे."

त्यांनी बाजार सोडला. शेठने दोन नवे पारखी ठेवले, दोघे मिळूनही तळापर्यंत पोचत नसत. उकंडाजींना आता बाह्यांचे सदरे शिवावे लागले. उजव्या बाहीत त्यांचा हात अवघडून राही, पाहुण्याच्या घरी बसल्यासारखा.

मला अमरावतीला चांगली नोकरी लागली, तेव्हा मी कारंजा सोडलं. सकाळची एस.टी. होती. गावाबाहेर धनजच्या रस्त्याला गुरांचा कळप आडवा आला आणि गाडी थांबली. खिडकीतून पाहिलं तर रस्त्याच्या कडेने उकंडाजी आणि देवकाबाई चालत होते. पण आता ती दहा पावलं मागे होती. मधूनमधून ते थांबत, वळून तिच्याकडे पाहत. ती थांबे, त्यांच्या पाठीकडे पाहत राही. मग दोघं परत चालायला लागत. असे एकमेकांवर पाळत ठेवत ते त्या दिवशी किती मैल गेले, देव जाणे.

मी हाक मारली. उकंडाजी खिडकीपाशी आले. माझं तिकीट मागून घेतलं, चोळून पाहिलं, परत दिलं.

"चाललो उकंडाजी, अमरावतीले. एक सांगा जाताना. इतकी वर्षं झाली, तुमी वाचलात, देवकाबाई वाचली. आता तरी डॉक्टरवर भरोसा बसला का?"

गुरं बाजूला झाली. गाडी हलली. उकंडाजी दोन पावलं गाडीबरोबर आले.

"नाई," म्हणाले. "मंगळवारी जातो."